खर्जाची आखूड तार

संपादकांचा निरोप एका ओळीचा होता : स्वस्तातली छोटी बेस गिटार घेण्यासारखी असते का, ते बघून या. मुंबईतल्या वाद्यांच्या दुकानात लांब दांड्यांच्या बेसची रांग भिंतीवर टांगलेली असते आणि ही छोटी कुठेतरी कोपऱ्यात. तिच्याकडे बोट दाखवलं की विक्रेता आधी तुमच्या मुलाचं वय विचारतो.

मुलांचं वाद्य हा शिक्का इतिहासाला धरून नाही. लिओ फेंडर यांनी 1951 मध्ये प्रिसिजन बेस काढला, त्यात नट ते ब्रिज हे तारेचं वाजणारं अंतर, म्हणजे स्केल, 34 इंच होतं. पुढे तेच प्रमाण मानलं गेलं. पण गिब्सनचा 1953 मधला पहिला इलेक्ट्रिक बेस 30.5 इंचांचा होता आणि जर्मनीतल्या हॉफ्नरने 1956 मध्ये आणलेला व्हायोलिनच्या आकाराचा बेस 30 इंचांचा. हॅम्बुर्गच्या क्लबांत वाजवणाऱ्या पॉल मॅकार्टनीने 1961 मध्ये तो सुमारे 30 पौंडांना घेतला, कारण फेंडर परवडत नव्हता. बीटल्सच्या गाण्यांखालचा तो गोल खर्ज काटकसरीतून आला आहे. ‘क्रीम’ या बँडचा जॅक ब्रूस गिब्सनचा आखूड ईबी-3 वाजवायचा. खुद्द फेंडरनेही 1966 मध्ये 30 इंची मस्टँग बाजारात आणला. आजचे स्क्वायर ब्रॉन्को, आयबानेझ मायक्रो, हॉफ्नर इग्निशन हे सगळे याच घराण्यातले परवडणारे वारस.

चार इंच कमी झाल्याने काय होतं? मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या म्हणजे फ्रेट; पहिल्या फ्रेटपासून चौथ्या फ्रेटपर्यंतचं अंतर लांब बेसवर सुमारे 13 सेंटिमीटर असतं, छोट्यावर साडेअकराच्या आसपास. लहान पंजाला हा दीड सेंटिमीटर फार मोठा दिलासा आहे. खरा बदल मात्र ताणात होतो. तार तीच आणि सूर तोच ठेवला, तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात उतरतो. 34 वरून 30 वर आलं की सुमारे 22 टक्क्यांनी. बोटं कमी थकतात, सूर जाडसर आणि मऊ येतो. तार मात्र जास्त झुलते, म्हणून जोरात छेडली की फ्रेटवर खडखडते.

मिरजेचा जनानी तंबोरा मर्दानी तंबोऱ्यापेक्षा लहान असतो, पण तो वरच्या पट्टीत लावतात. छोट्या बेसला ही सवलत नाही. त्याला लांब भावंडाइतकंच खाली, 41 हर्ट्झच्या ‘ई’पर्यंत उतरायचं असतं. चार तारांपैकी सगळ्यात जाड असलेली ही ‘ई’ची तारच या वाद्याची परीक्षा घेते. तार सैल पडू नये म्हणून ती आणखी जाड करावी, तर तिचा ताठरपणा वाढतो, वरचे स्वयंभू स्वर चढे लागतात आणि सुराऐवजी नुसता धप्प आवाज येतो.

या तारेने मला सर्वांत जास्त वेळ खिळवलं ते एका दुरुस्ती कारागिराच्या बाकावर. तिथे एक ब्रॉन्को उघडा पडला होता. या मॉडेलवर बरीच वर्षं चार तारांना दोनच सॅडल येत. 1951 च्या प्रिसिजनवरही तसेच होते. सॅडल म्हणजे ब्रिजवरचा तो तुकडा, जो मागे-पुढे सरकवून तारेची लांबी बारकाव्याने ठरवतात. दाबलेली तार किंचित ताणली जाते आणि सूर चढतो; तो फरक भरून काढायला जाड तारेचं सॅडल बारीक तारेपेक्षा मागे लागतं. इथे तर ‘ई’ आणि ‘ए’ एकाच सॅडलवर. कारागिराने बाराव्या फ्रेटवर ‘ए’ जुळवली, तर ‘ई’ चढी. स्क्रू फिरवून ‘ई’ जुळवली, तर ‘ए’ उतरली. बराच वेळ ही ओढाताण चालली आणि शेवटी त्याने दोघींना थोडं थोडं बेसूर ठेवून सॅडल मधोमध सोडलं. चार स्वतंत्र सॅडल असते, तर हे काम काही मिनिटांचं होतं.

घेणाऱ्याच्या अडचणी इथूनच सुरू होतात. पहिली तारांची. शॉर्ट-स्केलचा संच प्रत्येक दुकानात नसतो. लांब संच कापून बसवावा, तर तारेचा जाड भाग ट्यूनरच्या खुंटीला गुंडाळावा लागतो; तिथे तो नीट वळत नाही आणि तार तुटू शकते. व्हायोलिन बेसची गंमत आणखी वेगळी. स्केल आखूड असलं तरी तारा ब्रिजच्या बऱ्याच मागे टेलपीसला अडकतात, त्यामुळे नेहमीचा शॉर्ट-स्केल संचही अपुरा पडू शकतो. नुसतं स्केल विचारू नये. तार अडकते तिथपासून नटपर्यंत टेपने मोजून घ्यावं.

दुसरी अडचण तोलाची. गिब्सन धाटणीच्या हलक्या अंगाच्या बेसमध्ये मान जड पडते आणि हात सोडला की खाली झुकते. दुकानात बसून वाजवताना हे कळत नाही; पट्टा लावून उभं राहावं. तिसरी अडचण पावसाळ्याची. दमट हवेत लाकडी मान वाकते, तारांची उंची बदलते, आणि ट्रस रॉडला, म्हणजे मानेचा बाक सांभाळणाऱ्या आतल्या धातूच्या दांडीला, हलका फेर द्यावा लागतो. त्याचं टोक सहज हाताला लागतं की त्यासाठी मान उतरवावी लागते, हे आधीच बघावं.

त्यामुळे रंग आणि नावाआधी ‘ई’ची तार बघावी. ती मोकळी वाजवावी, मग बाराव्या फ्रेटवर दाबून मोबाइलच्या ट्यूनरवर तपासावी. सूर चढा असेल, तर सॅडल मागे सरकायला जागा शिल्लक आहे का, ते पाहावं. जागा नसेल, तर किंमत कितीही उतरली तरी तो बेस भिंतीवरच राहू द्यावा. आणि सगळं बजेट वाद्यावर उडवू नये. नव्या तारा आणि एका चांगल्या सेटअपचे, म्हणजे कारागिराकडून वाद्य जुळवून घेण्याचे, पैसे बाजूला ठेवावेत, कारण स्वस्त छोट्या बेसमध्ये कारखान्याने वाचवलेली मेहनत शेवटी कारागिरालाच करावी लागते.