नमुना लहान, म्हणून सर्वेक्षण खोटं?

“१४० कोटींच्या देशात दोन हजार लोकांना विचारून काय कळणार? मला तर आजवर कोणी विचारलं नाही.” सर्वेक्षणाचा आकडा छापून आला की हे ऐकावं लागतंच. हेच लोक ‘पन्नास हजार जणांनी मत नोंदवलं’ अशी मोबाइलवरची चाचणी मात्र डोळे झाकून मानतात. दोन्हीकडे चूक एकच आहे. किती जणांना विचारलं हे सगळे पाहतात, ते कसे निवडले हे कोणी पाहत नाही.

यादीतून चिठ्ठ्या काढाव्यात तशी, कोणाच्याही मर्जीविना निवड झाली, तर १,००० जणांच्या उत्तरांवरून काढलेली टक्केवारी शंभरातल्या ९५ वेळा खऱ्या आकड्याच्या ३ टक्के अलीकडे-पलीकडे राहते. ४,००० जणांना विचारा, ही चूक दीड टक्क्यावर येते. या हिशेबात लोकसंख्या जवळपास येतच नाही. सातारा जिल्हा असो की अख्खा भारत, हजारांचा नमुना सारखाच नेमका ठरतो. मग राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) ६,३६,६९९ कुटुंबं कशाला घेतली? कारण तिथे ७०७ जिल्ह्यांचे आकडे वेगवेगळे हवे होते. गडचिरोलीचं चित्र हवं तर गडचिरोलीतच पुरेशी घरं गाठावी लागतात.

नुसत्या संख्येवर भिस्त ठेवली की काय होतं, ते १९३६ साली अमेरिकेत दिसलं. ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकानं सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालानं पाठवल्या. २० लाखांहून अधिक परत आल्या. त्यांवरून राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत लँडन ५७ टक्के मतं मिळवून रूझवेल्टना हरवणार असं जाहीर झालं. प्रत्यक्षात रूझवेल्टना सुमारे ६१ टक्के मतं पडली आणि लँडनना ४८ पैकी दोनच राज्यं मिळाली. नावं टेलिफोनच्या आणि मोटारींच्या याद्यांतून घेतली होती. मंदीच्या त्या काळात फोन-मोटार बाळगणारे कोण होते, हे सांगायला नको. शिवाय बहुसंख्यांनी उत्तरच पाठवलं नव्हतं आणि पाठवणारे बाकीच्यांसारखे नव्हते. मित्रांच्या ग्रुपवर गूगल फॉर्म फिरवून ‘नमुना ५०० असल्याने निष्कर्ष विश्वसनीय’ असं प्रबंधात लिहिणारे विद्यार्थी आज तेच करत आहेत, आणि मार्गदर्शक त्यावर सही करतात याचा मला राग येतो.

खरा नमुना बिघडतो तो दारात. सकाळी अकराला यादीतल्या घराला कुलूप असतं. हातात प्रश्नावली, डोक्यावर ऊन, दिवसाचा कोटा बाकी. शेजारच्या ओट्यावर आजोबा बसलेले असतात, ते म्हणतात, “या, मला विचारा.” मुलाखत छान होते. पण कुलूप लावून गेलेली बाई मजुरीला गेलेली असते. अशी पन्नास कुलुपं टाळली की गावात कामाला जाणाऱ्या बायका कमी आणि रिकामे म्हातारे जास्त दिसू लागतात.

चुका एकमेकींना खोडून काढतात, हाही भ्रमच. सगळ्या एकाच बाजूला झुकल्या असतील तर नमुना कितीही वाढवा, त्या जात नाहीत. मूळचे सातारा जिल्ह्यातले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी पीक कापणीच्या प्रयोगांतून दाखवलं, की कापणीसाठी शेतातला तुकडा फार लहान घेतला की कडेची रोपं आत धरली जातात आणि उत्पादन फुगतं.

‘प्रश्न कसाही विचारा, उत्तर तेच येतं’ हेही खरं नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ५५व्या फेरीत (१९९९-२०००) अन्नखर्च त्याच कुटुंबाला ७ आणि ३० दिवसांचा असा शेजारशेजारच्या रकान्यांत विचारला. एका उत्तराचा परिणाम दुसऱ्यावर झाला असणार, असा आक्षेप आला आणि गरिबीचे आकडे आधीच्या फेऱ्यांशी ताडता येतात का, यावर अर्थतज्ज्ञांत मोठा वाद पेटला.

‘लोक खोटंच सांगतात’ हे सरसकट खरं नाही. पण सासू शेजारी बसली असताना सुनेला मारहाणीबद्दल विचारलं तर खरं उत्तर मिळणार नाही.

‘३ टक्क्यांत सगळी चूक आली’ असंही नाही. तो हिशेब फक्त निवडीतल्या योगायोगाचा असतो. नकार, कुलुपं आणि वाकडे प्रश्न त्यात धरलेले नसतात.

म्हणून सर्वेक्षणाला निघणाऱ्या प्रत्येकाला विनंती आहे: कुलूप दिसलं तर संध्याकाळी पुन्हा जा, दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. तरीही गाठ पडली नाही, तर त्या घरापुढे ‘भेट झाली नाही’ असंच लिहा.