मराठवाड्याचे नट : बावन्न माणसे आणि एक उपरणे

प्रा. लक्ष्मण देशपांडे (1943–2009) यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’चा पडदा वर जाई तेव्हा रंगमंच जवळजवळ मोकळा असे. वाडा नाही, मांडव नाही, विमानही नाही. एक माणूस, एक उपरणे आणि पुढचे सुमारे तीन तास. तेवढ्यात बावन्न पात्रे येऊन जात. परदेशातले प्रयोग आणि गिनेस बुकातली नोंद हा विषय या भागासाठी राखून ठेवला होता. तो आणखी एक आठवडा थांबेल. एका वाचकाने विचारलेला प्रश्न आधी घ्यायला हवा : याला नाटक म्हणायचे की कथाकथन?

प्रश्न रास्त आहे. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर यांनी कथाकथन गावोगाव नेले. त्यात सांगणारा सांगणाराच राहतो. पाटलाचे वाक्य तो पाटलाच्या ठसक्यात म्हणेल, पण ‘पाटील म्हणाला’ हा धागा हातचा सोडत नाही. पु. ल. देशपांडे 1961 पासून ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने रंगवू लागले आणि ही सीमा पुसट झाली. लक्ष्मण देशपांडे ती ओलांडून गेले. निवेदन त्यांच्याकडेही आहे, मात्र प्रसंगाला प्रसंग जोडण्यापुरते. वऱ्हाडात बोलाचाली सुरू झाली की ‘म्हणाला’, ‘म्हणाली’ गळून पडते आणि माणसे एकमेकांच्या अंगावर धावून जातात. म्हणून हे नाटकच.

एकाच अंगातली इतकी माणसे प्रेक्षकाला वेगळी दिसायची, तर पहिला आधार नजरेचा. उंच माणसाशी बोलताना नजर जिथे लागली, तिथेच ती प्रत्येक वेळी लागली पाहिजे. बुटक्याने उत्तर देताना मान तेवढीच वर झाली पाहिजे. वीतभर चूक झाली तरी समोरचा माणूस नाहीसा होतो. दुसरा आधार उपरण्याचा. ते डोक्यावरून घेऊन टोक दाताखाली धरले की बाई, डोक्याला गुंडाळले की गडी, खांद्यावर टाकले की मानकरी. पण नुसत्या कापडाने म्हातारी उभी राहत नाही. कंबर, गुडघे आणि श्वासही तिचेच व्हावे लागतात, आणि पुढच्याच वाक्याला तिला टाकून द्यावे लागते. हे टाकून देणे सर्वांत अवघड. मागच्या पात्राची थरथर पुढच्याच्या बोटांत उरली, तर दोन्ही पात्रे बिघडतात.

ही हातोटी मराठवाड्याला परकी नव्हती. औरंगाबादहून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरहून, पन्नासेक किलोमीटरवर पैठण आहे. तिथल्या एकनाथांच्या भारुडात एकच सोंगाड्या आता जोगवा मागतो, मग गोंधळ घालतो. लक्ष्मण देशपांड्यांचे एकपात्री याच मातीत समजते. पाश्चात्त्य एकपात्रीच्या मापाने ते मोजण्यात अर्थ नाही.

भाषेचे मोल याहून मोठे. मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. उर्दूचा शेजार, कानडी-तेलुगूची हद्द, यांतून इथली बोली घडली. पुस्तकातला ‘जात आहे’ इथे ‘जायलाय’ होतो, ‘करत आहे’चा ‘करायलाय’. पुण्या-मुंबईच्या रंगमंचावर ग्रामीण बोली बऱ्याचदा गड्या-नोकरांच्या वाट्याला येई, हशा पिकवण्यापुरती. ‘वऱ्हाड’मध्ये ती अख्ख्या गावाची बोली आहे. तिच्यात मानपान आहेत, रुसवे आहेत, आणि गावातला पोरगा परदेशी मुलगी करतोय म्हटल्यावर लंडनपर्यंत जाण्याची हिंमतही आहे. हसू येते ते माणसांच्या धांदलीचे. त्यांच्या बोलण्याला कमीपणा येत नाही. देशपांड्यांच्या कामातली ही सर्वांत मोलाची गोष्ट.

हे सारे करताना ते शिकवतही होते. औरंगाबादच्या विद्यापीठातल्या नाट्यशास्त्र विभागाचे ते प्रमुख होते. मकरंद अनासपुरे याच विभागाचे विद्यार्थी. नजर, आवाज, देहबोली हे तिथल्या अभ्यासाचे विषय, आणि अध्यापक स्वतः रात्री प्रयोगात त्यांची कसोटी देणारा.

22 फेब्रुवारी 2009 रोजी लक्ष्मण देशपांडे गेले. पुढे ‘वऱ्हाड’ उभे केले ते संदीप पाठक यांनी. तेही मराठवाड्याचे, बीड जिल्ह्यातले. परदेशचे प्रयोग आणि गिनेस बुक पुढच्या भागात.