८ हजारांत लॅब्रॅडॉर कसा मिळतो? डहाणू-तलासरीच्या वाडीतून समजून घेऊया घरगुती केनेलचं सुख आणि दुःख

फेसबुकवर किंवा इन्स्टाग्रामवर अशी पोस्ट तुम्हीही पाहिली असेल. टोपलीत दाटीवाटीने बसलेली सहा-सात पिल्लं आणि वर ओळ, "लॅब्रॅडॉर पपी, एकदम हेल्दी, फक्त ८ हजार, इनबॉक्स करा." खाली बदामांचा पाऊस आणि "किती गोड!" अशा कमेंट.

त्या फोटोत एक जण मात्र बहुतेक वेळा दिसत नाही. पिल्लांची आई.

घरातल्या घरात केनेल चालवणं म्हणजे नेमकं काय, त्यात आनंद कुठे आहे आणि जीव कुठे तुटतो, हे समजून घ्यायचं तर त्या आईपासूनच सुरुवात करायला हवी. उदाहरणासाठी आपण पालघर जिल्ह्यातले डहाणू आणि तलासरी हे दोन तालुके घेऊ. समजा, घोलवडच्या बाजूला तुमची चिकूची वाडी आहे. जागा मोकळी, सावली भरपूर. पश्चिम रेल्वे आणि मुंबई-अहमदाबाद महामार्गामुळे मुंबई, वापी, सुरत इथलं गिऱ्हाईक जवळ. दोन लॅब्रॅडॉर माद्या आहेतच, मग केनेल का काढू नये?

पहिले आठ आठवडे

कुत्रीचा गाभणकाळ साधारण ६३ दिवसांचा, म्हणजे नऊ आठवड्यांचा असतो. विण्याच्या आदल्या दिवशी तिच्या अंगाचं तापमान उतरतं. ती खाणं सोडते, धापा टाकते, कोपरे उकरते. त्या रात्री घरात कोणी झोपत नाही.

पिल्लं जन्मतात तेव्हा डोळे बंद, कान बंद. स्वतःचं अंग ऊबदार ठेवणंही त्यांना जमत नाही. पहिल्या आठवड्यात त्यांच्याभोवती साधारण ३० अंश सेल्सिअसची ऊब लागते. डहाणूच्या मे महिन्यात ती आपोआप मिळते. पण जुलैच्या पावसात वीज गेली आणि दिवा बंद पडला, की गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून पिल्लांशेजारी ठेवायच्या आणि तासातासाला बदलायच्या. आईच्या अंगाखाली पिल्लू चेंगरू नये म्हणून खोक्याच्या आत कडेने आडवी पट्टी ठोकतात. म्हणजे आई भिंतीला टेकून झोपली तरी मागे पिल्लाला जागा राहते.

साधारण दहाव्या ते चौदाव्या दिवशी डोळे उघडतात. तिसऱ्या आठवड्यात पिल्लं धडपडत चालायला लागतात. तिथून बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ सगळ्यात मोलाचा. या दिवसांत पिल्लू जे बघतं, ऐकतं, हुंगतं, त्याला ते पुढे घाबरत नाही. मिक्सरचा आवाज, लहान मुलं, कोंबड्या, टोपी घातलेला माणूस, फटाके. घरगुती केनेलची खरी ताकद इथेच आहे. पिंजऱ्यात वाढलेल्या पिल्लाला हे काही मिळत नाही, स्वयंपाकघराच्या दाराशी लोळत वाढलेल्या पिल्लाला फुकट मिळतं. घरातल्या पोरांनी पिल्लांना नावं ठेवलेली असतात, कोण आगाऊ आणि कोण भित्रं हे सगळ्यांना पाठ असतं.

आणि आठवा आठवडा संपला की त्यांना द्यायचं असतं.

जिथे जीव तुटतो

प्रत्येक वेताची सगळी पिल्लं जगत नाहीत. काही मेलेलीच जन्मतात. काही दोन-तीन दिवस दूध ओढतात आणि मग कारण न कळता मलूल होत जातात.

त्याहून मोठी भीती पार्व्होची. या विषाणूची ओळख जगाला १९७८ मध्ये पटली. पिल्लाला उलट्या आणि रक्ताचे जुलाब होतात आणि उपचार वेळेत मिळाले नाहीत तर दोन-तीन दिवसांत ते जाऊ शकतं. लस आहे, पण त्यात एक अडचण आहे. आईच्या पहिल्या दुधातून पिल्लाला संरक्षण मिळतं आणि तेच संरक्षण लसीलाही काही काळ काम करू देत नाही. आईचं संरक्षण उतरलं आहे आणि लसीचं अजून चढलेलं नाही, अशा फटीत पिल्लू सापडतं. म्हणून सहा ते आठ आठवड्यांत पहिला डोस आणि मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांचं होईपर्यंत पुढचे डोस द्यावे लागतात. म्हणजे तुम्ही पिल्लू घरी आणता तेव्हा त्याची लस पूर्ण झालेली नसते.

केनेलवाल्यासाठी पार्व्हो एका वेतावर थांबत नाही. हा विषाणू मातीत कित्येक महिने टिकून राहतो. फरशी ब्लीचने धुता येते, वाडीची माती कशी धुणार? एकदा साथ आली की पुढचं वेत त्या जागेवर ठेवायची हिंमत होत नाही.

वाडी आहे, पण पाऊसही आहे

कोकण किनारपट्टीवर दमट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. गोचिडांना हे मानवतं. आपण कुत्र्याच्या अंगावरचे गोचीड वेचतो, पण त्यांच्या आयुष्याचा बराच काळ भिंतीच्या भेगांत आणि छताच्या वळचणीत जातो. म्हणून कुत्र्याला औषध लावून भागत नाही, जागेलाही लावावं लागतं. या गोचिडांतून होणारा ताप कुत्र्याचं रक्त आतून खातो.

दुसरा धोका लेप्टोस्पायरोसिसचा. उंदरांचं मूत्र मिसळलेल्या पावसाच्या पाण्यातून तो कुत्र्याला होतो आणि कुत्र्याकडून माणसालाही होऊ शकतो. दाण्याची कोठी उघडी राहिली की उंदीर येतात, आणि मग प्रश्न फक्त कुत्र्यांचा राहत नाही.

रात्री बंदिस्त जागा हवीच. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास झाला होता. त्यात वजनाच्या हिशेबाने सर्वांत मोठा वाटा पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचा निघाला, ३९ टक्के. जंगलाला लागून असलेल्या पाड्यावर कुत्री मोकळी बांधून ठेवणं म्हणजे काय, हे यावरून समजा.

आणि डॉक्टर? तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांचं मुख्य काम गाय, बैल, म्हैस, शेळी, कोंबडी यांचं. रात्री दोन वाजता कुत्री अडली आणि सिझेरियन करायची वेळ आली, तर तलासरीकर वापीचा रस्ता धरणार. मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे, पण डहाणूहून ते सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे. मोठ्या वेतानंतर दूध पाजताना आईच्या रक्तातलं कॅल्शियम एकदम घसरू शकतं. ती थरथरायला लागते, पाय ताठ होतात. तिथे हिशेब तासांचा असतो.

कायदा काय सांगतो?

२०१७ मध्ये केंद्र सरकारने कुत्र्यांचं प्रजनन आणि विक्री यांसाठी नियम आणले. घरात दोनच माद्या असल्या तरी पिल्लं विकण्यासाठी प्रजनन करायचं असेल, तर राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. या नियमांत 'ब्रीडर' या शब्दात बोर्डिंग केनेलही येतं, म्हणजे सुट्टीत मुंबईकरांची कुत्री पैसे घेऊन सांभाळणारेही.

नियम वाचले की लक्षात येतं, बहुतेक कलमं आईभोवती फिरतात.

- मादी १८ महिन्यांची होईपर्यंत आणि ८ वर्षांनंतर तिला पिल्लं काढायला लावायची नाहीत.
- वर्षातून एकापेक्षा जास्त वेत नाही, आणि लागोपाठच्या दोन माजांना नर दाखवायचा नाही.
- आयुष्यात जास्तीत जास्त पाच वेतं.
- आई-मुलगा, बाप-मुलगी, भावंडं यांचं आपसात प्रजनन नाही.
- आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही आणि तोवर त्याला मायक्रोचिप बसवायची.
- काम संपलेल्या माद्या आणि नरांना नीट सांभाळायचं किंवा चांगलं घर मिळवून द्यायचं.

एक गैरसमजही दूर करू. 'केसीआय पेपर' म्हणजे परवाना नव्हे. केनेल क्लब ऑफ इंडिया ही १८९६ पासूनची संस्था कुत्र्याच्या वंशावळीची नोंद ठेवते. कुत्र्याची आई कशा हालात राहते, हे त्या कागदावर लिहिलेलं नसतं.

आता हिशेब मांडू

समजा, लॅब्रॅडॉर मादीचं खाणं दिवसाला १५० रुपये. ती १२ वर्षं जगली तर झाले ४,३८० दिवस, म्हणजे ६ लाख ५७ हजार रुपये. नियमाने परवानगी असलेली पाचही वेतं घेतली आणि प्रत्येक वेळी सहा पिल्लं जगली, तर ३० पिल्लं. म्हणजे एका पिल्लामागे नुसत्या आईच्या जेवणाचे २१,९०० रुपये. तिला झेपेल म्हणून तीनच वेतं घेतली, तर हाच आकडा ३६,५०० वर जातो.

यात लस, चिप, गोचिडांचं औषध, डॉक्टर, पिल्लांचं खाणं, नोंदणी आणि तुमचं जागरण धरलेलंच नाही.

मग ८ हजारांत पिल्लू मिळतं कसं? कुठेतरी काहीतरी कापलेलं असतं. मादी दर माजाला, म्हणजे सहा-सात महिन्यांनी पुन्हा गाभण राहते. पिल्लू पाचव्या आठवड्यातच विकलं जातं. लस टोचलेली नसते. आणि पाचव्या-सहाव्या वर्षी, दूध आटलं की मादी कुठल्यातरी हायवेवर सोडलेली सापडते. स्वस्त पिल्लाची उरलेली किंमत आई भरते.

परंपरा आहे, पण वेगळी

कुत्री जोपासणं आपल्याकडे नवीन नाही. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी कारवानी जातीची कुत्री निगुतीने वाढवली आणि त्यातली जोडी इंग्लंडचा राजा पंचम जॉर्ज याला भेट दिली. तिथून 'मुधोळ हाउंड' हे नाव रूढ झालं. सीमाभागातल्या शेतकरी घरांनी हे लांब पायांचं, आपल्या उन्हाची सवय असलेलं कुत्रं टिकवून ठेवलं. २०२० मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये देशी जातींचा उल्लेख केला. जात नावाजली गेली की मागणी वाढते, आणि वाढत्या मागणीचा पहिला भार पुन्हा आईवरच येतो.

म्हणून पिल्लू घेण्याआधी

चांगलं घरगुती केनेल ओळखणं अवघड नाही. पहिला प्रश्न विचारा, "आई दाखवाल का?" व्हिडिओ नको, प्रत्यक्ष. तिचं वय किती, हे कितवं वेत, आधीचं कधी झालं? नोंदणीचा कागद आणि लसीचं कार्ड मागा. आणि शेवटचा प्रश्न, "जमलं नाही तर पिल्लू परत घ्याल का?"

चांगला केनेलवाला या प्रश्नांना कंटाळत नाही. उलट तोच तुमची उलटतपासणी करतो. घरात दिवसा कोण असतं, घर भाड्याचं आहे का, सुट्टीत याला कुठे ठेवणार? उत्तरं पटली नाहीत तर पैसे समोर असूनही तो नाही म्हणतो. गाडी निघाली की तो थोडा वेळ फाटकापाशी उभा राहतो आणि मग आत जाऊन रिकाम्या खोक्याशी हुंगत फिरणाऱ्या आईजवळ बसतो.

अशी माणसं या धंद्यातून श्रीमंत होत नाहीत. पण चार वर्षांनी एखाद्या गिऱ्हाइकाचा फोटो येतो, सोफ्यावर आडवं पसरलेलं मोठं कुत्रं. आणि मागे वाडीत, चिकूच्या सावलीत, त्याची म्हातारी आई झोपलेली असते. अजून घरातच.