एक वाट बंद, तरी दुसरी चालू

आम्ही नवी मुंबईत, बेलापूरला, बचत गटातर्फे ऑनलाइन अर्ज भरण्याचं केंद्र चालवतो. मागे शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या शेवटच्याच दिवशी आमचं नेट गेलं. दुसरं कनेक्शन होतं, त्याचे पैसेही दरमहा भरत होतो. पण वायर कुठली कुठे लावायची हे जिला ठाऊक, ती नेमकी रजेवर. तिघींच्या मुलांचे अर्ज राहिले. म्हणून आज बोलायचं ते राउटरच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल.

राउटर म्हणजे नेटचा वाटाड्या. वाशीच्या बाजारातून भाजीचा टेम्पो मुंबईला निघाला, की खाडी ओलांडायला वाशीचा पूल आहे, ऐरोलीचा आहे, आणि जानेवारी २०२४ पासून अटल सेतूही आहे. एक ड्रायव्हर कोंडी असली तरी ठरलेल्याच पुलाने जातो. दुसरा मोकळा रस्ता कोणता ते आधी विचारतो, मग वळतो. ह्या दुसऱ्याच्या रीतीला डायनॅमिक राउटिंग म्हणतात. दहा टेम्पो असले, तर काही इकडून, काही तिकडून पाठवायचे, ते लोड बॅलन्सिंग.

नेट पुरवणाऱ्या मोठ्या कंपन्यांचे राउटर एकमेकांना रस्त्यांची खबर देत असतात. त्या बोलीची नावं ओएसपीएफ आणि बीजीपी. एफआरआर आणि बर्ड ही त्यासाठीची मोफत सॉफ्टवेअर. नावं ऐकून दबून जाऊ नका. बीजीपीसाठी स्वतःचा नोंदवलेला नेटवर्क नंबर लागतो आणि नेट कंपनीशी तशी व्यवस्था करावी लागते. दोन साध्या कनेक्शनच्या केंद्राला त्याची गरज नाही.

आपल्याला हवं ते एवढंच: एक लाइन गेली, की दुसरी आपोआप लागावी. दोन कनेक्शन घेणाऱ्या तयार राउटरमध्ये ही सोय असते. तेच सगळ्यात सोपं. लहान राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी हे मोफत सॉफ्टवेअर टाकता येतं, त्याला एमवॅन३ हा भाग जोडावा लागतो. मात्र आपलं मॉडेल त्याच्या यादीत आहे का, ते आधी पाहा. चुकीचं सॉफ्टवेअर टाकलं तर डबा बंद पडू शकतो. जुना कॉम्प्युटर पडून असेल, तर त्यावर ओपीएनसेन्स किंवा पीएफसेन्स चालतं.

निवडताना हे विचारा. लाइन गेली हे सॉफ्टवेअर कशावरून ओळखतं? मोडेमचा दिवा चालू असूनही पुढे नेट बंद असू शकतं. म्हणून त्याने बाहेरचा पत्ता तपासायला हवा. बँकेचं काम एकाच लाइनवर टिकवता येतं का? मध्येच लाइन बदलली, तर बँक लॉगिन तोडू शकते. सुरक्षेचे अपडेट येतात का? आणि बिघडलं तर गावात कोण दुरुस्त करेल? ज्याचं उत्तर मिळत नाही, ते मोफत असलं तरी महागच पडतं.

दोन लाइन घेतल्या म्हणून एक फाइल दुप्पट वेगाने उतरेलच असं नाही. पण चार जणी बसल्या तर काम वाटलं जातं. दोन्ही वायरी एकाच खांबावरून आणू नका. एक फायबर, एक मोबाइल सिमची, असं करा. राउटर आणि फायबरचा डबा इन्व्हर्टरवर ठेवा.

आणि पैसे देण्याआधी, बसवणाऱ्याच्या समोर, चालू लाइनची वायर उपसून बघा. मिनिटाभरात नेट परत आलं, तरच पैसे द्या. आम्ही आता महिन्यातून एकदा हीच परीक्षा घेतो, आणि वायर उपसायची पाळी दर वेळी वेगळ्या बाईची असते.