दोन कोटी टनांची मर्यादा

एप्रिल 2024 मध्ये डिचोलीच्या पट्ट्यात लोहखनिजाची खाण पुन्हा सुरू झाली आणि गोव्याची गाडी रुळावर आली, असे जो तो म्हणू लागला. हे रूळ कुठे जातात ते आम्ही एकदा पाहिले आहे.

पोर्तुगीज काळातले खाणींचे मक्ते, जपानला जाणारे खनिज, ते मक्ते लीजमध्ये बदलणारा 1987 चा कायदा, यांवर पुष्कळ लिहून झाले आहे. माझ्या डोळ्यांदेखत घडले ते 2003 ते 2012 या काळात. चीनला पोलाद हवे होते. पूर्वी कोणी ढुंकून न पाहिलेले हलक्या प्रतीचे खनिजही तो घेऊ लागला, तसे वर्षानुवर्षे साचलेले टाकाऊ खनिजाचे डंपसुद्धा विकले गेले. एक टन खनिजामागे अडीच-तीन टन माती उपसावी लागते. ती पावसात शेतांत उतरली, ओहोळ तांबडे झाले. डिचोलीजवळच्या शिरगावात खाण भूजलाच्या पातळीखाली गेली आणि विहिरी आटल्या. 2010-11 मध्ये निर्यात पाच कोटी टनांच्या आसपास होती.

हा सगळा लोभाचा खेळ, म्हणून हात झटकणाऱ्यांशी माझे तेव्हाही पटले नाही. शेत गाळात गेलेल्याने कर्ज काढून खनिज वाहायला ट्रक घेतला. शेजाऱ्यानेही घेतला, फेऱ्या वाटल्या गेल्या, हप्ता मात्र तेवढाच राहिला. मग खाणीने आणखी खणावे म्हणून दोघेही मोर्चात! बार्जवाल्यांचे तेच, बँकांचे तेच. गेल्या वर्षीइतकेच खणून कोणाचेच भागत नव्हते. खाणींना गोव्याचा कणा म्हणणाऱ्या अग्रलेखांत हा हिशेब कधी आला नाही.

बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या अहवालानंतर, ऑक्टोबर 2012 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या. ट्रक दारात उभे राहिले, हप्ते चालू राहिले. एप्रिल 2014 मध्ये न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची तात्पुरती मर्यादा घातली आणि विक्रीतले दहा टक्के पुढच्या पिढ्यांच्या निधीत ठेवायला सांगितले. गोवा फाउंडेशन या पर्यावरणवादी संस्थेच्या लढ्यातून आलेला तो निकाल मी त्या दशकाची खरी कमाई मानतो. डोंगर किती पोखरायचा याला आकडा असतो, हे निदान कागदावर आले. 2018 मध्ये न्यायालयाने 88 लीजांचे नूतनीकरणही रद्द केले आणि खाणी पुन्हा थांबल्या.

आता खाणींचे लिलाव झाले आहेत आणि चर्चा एकच: उरलेल्या खाणी कधी सुरू होणार? डिचोलीच्याच पट्ट्यातल्या मुळगावचे लोक घरे, देवळे, तळी लीजमधून वगळा म्हणून भांडताहेत. त्यांचे आधी ऐका. गावाला किती पाणी लागते ते मोजा, त्यावरून किती टन काढायचे ते ठरवा, आणि तेवढ्या टनांवर फिटेल एवढेच कर्ज ट्रकवाल्याला द्या.