शाळांतील तंत्रज्ञान : नियोजन आणि शिक्षक-प्रशिक्षण

अमेरिकेत सरकारी शाळांचा कारभार ‘शालेय जिल्हा’ ही स्थानिक संस्था पाहते. तिचे स्वतःचे मंडळ, अधीक्षक आणि अंदाजपत्रक असते. त्यामुळे वर्गात कोणते तंत्रज्ञान आणायचे हेही प्रामुख्याने तीच ठरवते.

लॉस एंजेलिसच्या शालेय जिल्ह्याने २०१३ मध्ये प्रत्येक विद्यार्थ्याला आयपॅड देण्याची योजना हाती घेतली. एकूण अपेक्षित खर्च १ अब्ज डॉलरहून अधिक होता. मात्र आयपॅडवरील अभ्यासक्रम खरेदीच्या वेळी अपूर्णच होता. वाटप सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत काही विद्यार्थ्यांनी संकेतस्थळांवरील बंधने ओलांडली. ऑगस्ट २०१४ मध्ये करार थांबवावा लागला.

याउलट, उत्तर कॅरोलिना राज्यातील मूर्सव्हिल या लहान जिल्ह्याने लॅपटॉप आधी शिक्षकांच्या हाती दिले, विद्यार्थ्यांना नंतर. म्हणजे वर्गात प्रत्येकासमोर लॅपटॉप येण्यापूर्वी शिक्षकांना ते हाताळून पाहता आले.

दोन्हींतला मुख्य फरक क्रमाचा आहे. चांगल्या नियोजनाच्या पायऱ्या अशा :

१. कोणत्या विषयात, कोणती अडचण सोडवायची ते ठरवणे.
२. शिक्षकांना त्यांच्याच विषयाच्या पाठांवर प्रशिक्षण देणे.
३. निवडक शाळांत प्रयोग करून मग खरेदी वाढवणे.
४. दुरुस्ती आणि वर्षभराच्या मार्गदर्शनाची सोय करणे.

एका दिवसाच्या कार्यशाळेत बटणे कळतात. पाठ कसा बदलायचा हे सरावाने आणि सहकाऱ्यांशी चर्चेतूनच उमगते. म्हणून अशी कोणतीही योजना अभ्यासताना तुम्ही उपकरणांच्या संख्येआधी प्रशिक्षणासाठी राखलेला वेळ आणि पैसा पाहा.