आधी विचारा, मग उपाय



तोडलेला ऊस काट्यापुढे रांगेत जितका ताटकळतो, तितके वजन नि उतारा घटतो. नुकसान शेवटी आपलेच! कामातली अशी अडचण सोडवण्याची एक रीत, 'डिझाइन थिंकिंग', आता इंटरनेटवरून घरबसल्या शिकता येते. अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठाच्या प्राध्यापिका जीन लिड्टका यांनी 'कोर्सेरा'वरील अभ्यासक्रमात चार प्रश्न दिले आहेत : आज काय आहे? काय करता येईल? लोकांना काय भावेल? प्रत्यक्षात काय चालेल?

म्हणजे नवा काटा मागण्याआधी गाडीवानाजवळ रात्रभर बसा, त्याला विचारा. मग सुचलेली युक्ती एकाच गटात आठवडाभर करून बघा. फसली तरी थोडक्यात भागेल. याला पदवी नको. कान-डोळे उघडे असले म्हणजे झाले.